अदत्त नाणे

काचेच्या एका वाडग्यात ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात मातीची दहा ढेकळे मी भिजत घातली होती. ढेकळे म्हणायचे ते त्यांच्या रूपावरून. विकणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे त्यांतल्या प्रत्येकाच्या पोटात रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील एकेक तांब्याचे नाणे होते, आणि नवशिक्या संग्राहकाने अशाच न धुतलेल्या नाण्यांपासून आरंभ करावा, ती स्वस्त पडतात व आपल्याच हातांनी इतिहास उलगडल्याचे समाधान देतात, असा सल्ला लंडनमध्ये राहावयास आल्यापासून मला एकाहून अधिक जाणत्या माणसांनी दिला होता. रोज सकाळी पाणी बदलावे, मऊ ब्रशाने हलकेच घासावे, बांबूच्या काडीने कोपरे मोकळे करावेत आणि पुन्हा पाण्यात सोडावे, असा क्रम तीन आठवडे चालला. चौथे ढेकूळ उकलले तेव्हा हिरवट जंगालाखालून प्रथम घोड्यांचे पाय दिसू लागले, मग रथ, मग रथात उभी असलेली एक आकृती, आणि सर्वांत शेवटी, नाण्याच्या अगदी वरच्या कडेला, आकाशातून खाली आलेला एक इवलासा हात.

हे नाणे ओळखणे नवशिक्यालाही कठीण नाही. इ. स. ३३७ च्या मे महिन्यात सम्राट कॉन्स्टंटाइन वारला, त्यानंतर त्याच्या पुत्रांनी ते पाडले. एका बाजूस डोक्यावरून वस्त्र ओढून घेतलेले त्याचे मुख, त्याभोवती तो दिवंगत सम्राट 'दिवुस' झाल्याचे सांगणारी संक्षिप्त अक्षरे, आणि दुसऱ्या बाजूस चार घोड्यांच्या रथातून ऊर्ध्वगामी होणारा तोच सम्राट, ज्याला वर घेण्यासाठी ईश्वराचा हात पुढे आला आहे. ज्याने मृत्युशय्येवर ख्रिस्ती दीक्षा घेतली, त्यालाच जुन्या रोमन प्रघातानुसार देवपद बहाल करणारी ही मुद्रा आहे. युसेबियसने लिहिलेल्या त्याच्या चरित्रातही या नाण्याचे वर्णन आले आहे. 'दिवुस' आणि आपला 'देव' हे एकाच धातूपासून निघालेले शब्द आहेत, हे ध्यानात आले म्हणजे पंधरा-सोळा मिलिमीटर व्यासाच्या त्या चकतीकडे पाहताना मन भरून येते. दोन धर्म एका सम्राटाच्या मृत्यूपाशी क्षणभर एकत्र उभे राहिले, आणि त्या क्षणाचा दस्तऐवज माझ्या तळहातावर होता.

त्या आनंदातच वाडग्यातले गढूळ पाणी मी नेहमीप्रमाणे बेसिनमध्ये ओतू लागलो आणि अर्ध्यावर माझा हात थांबला. तळाशी बसलेली ती तांबूस, बारीक माती कुठली होती? विकणाऱ्याने 'डॅन्यूबकाठची' एवढेच सांगितले होते. कोणत्या गावची, कोणाच्या शेतातली, घराच्या जोत्याखालची की थडग्यातली, नाणे एकटे पडले होते की मडक्यात शेकडो सोबत्यांसह, हे जिला ठाऊक होते अशी एकमेव साक्षीदार ती माती होती, आणि तीन आठवडे रोज सकाळी मीच तिला पाण्याबरोबर वाहून जाऊ देत होतो.

संग्रहाच्या नीतीचा विचार आपल्याकडे बहुधा अपरिग्रहाच्या अंगाने केला जातो. वस्तूंचा साठा करू नये, आसक्ती वाढवू नये, जे बरोबर नेता येत नाही त्यात जीव गुंतवू नये, हा उपदेश संग्राहकाला घरातूनच ऐकावा लागतो, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु प्राचीन नाण्यांच्या बाबतीत खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे, असे त्या दिवसापासून माझे मत बनले आहे. प्रश्न अस्तेयाचा आहे. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या 'अदत्ताचे आदान', म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे, अशी आहे. दुसऱ्याकडून हिसकावून घेणे एवढाच तिचा अर्थ नाही. पुढे त्या व्रताला बाध आणणारे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते वाचताना आजच्या पुरावस्तूंच्या बाजाराचे वर्णन आपण वाचीत आहोत असा भास होतो. चोराने आणलेला माल घेणे हा त्यांतला एक. परराज्याशी व्यवहार करताना राज्याचे नियम डावलणे हा दुसरा. बनावट वस्तू खरी म्हणून चालवणे हाही त्यांतच आहे, आणि त्या अतिचाराची परंपरा युरोपात पुरातन आहे; सोळाव्या शतकात पादुआच्या कावीनोने रोमन धर्तीवर घडवलेली पदके आजही नवख्याला चकवतात. परंतु बनावट नाण्याने फसगत होते ती माझी. मातीतून मूकपणे उपटून आणलेल्या खऱ्या नाण्याने जी हानी होते, ती सर्वांची होते आणि कोणालाच भरून काढता येत नाही.

ही हानी केवढी असते, हे तिच्या उलट उदाहरणावरून कळते. २०१० साली इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातील फ्रोम गावाजवळ धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या एका गृहस्थाला शेतात नाण्यांनी भरलेले एक मोठे मडके लागले. पुढे मोजदाद झाली तेव्हा त्यात ५२,५०३ नाणी निघाली. अशा वेळी हात आवरणे किती अवघड असेल याची कल्पना ज्याने एक तरी ढेकूळ धुतले आहे त्याला येईल. पण त्या माणसाने खणणे थांबवले, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी ते मडके थराथराने रिकामे केले. म्हणूनच कळले की नाणी कालानुक्रमाने साठलेली नव्हती, आणि इतक्या पातळ मडक्यात १६० किलो वजन भरून ते उचलून आणणे शक्य नव्हते; ते आधी जमिनीत बसवून मग एकाच वेळी भरले असले पाहिजे. कोणी तरी संकटकाळी लपवलेली पुंजी, ही नेहमीची समजूत इथे डळमळली, आणि हे सर्व धन देवतेला अर्पण केलेले असावे, असे मत अभ्यासकांनी पुढे मांडले. बाथ येथील सुलिस मिनर्व्हा देवीच्या पवित्र झऱ्यात बारा हजारांहून अधिक रोमन नाणी सापडली आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते मत नवलाचे वाटणार नाही. पहिल्याच संध्याकाळी ते मडके उपसून नाणी बाजारात आली असती, तर पन्नास हजार नाणी उरली असती आणि एक प्रार्थना नाहीशी झाली असती.

इथे आपल्या धर्मशास्त्राचा एक शब्द मला आठवतो, देवस्व. देवाला वाहिलेले द्रव्य वाहणाऱ्याचे राहत नाही, राजाचे होत नाही आणि ज्याला सापडले त्याचे तर नाहीच. ही केवळ भाविकांची कल्पना नव्हे. १९२५ साली याच लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका कुटुंबातील मूर्तीच्या वादात मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, आणि तिच्या वास्तव्याबाबत तिची इच्छाही विचारात घेतली पाहिजे, असे मानले. मग सुलिसचे काय? तिचे उपासक उरले नाहीत, पुजारी नाहीत, तिच्या वतीने कज्जा लढणारा कोणी नाही. एवढ्यावरून तिचे द्रव्य बेवारस ठरते काय? माझ्या दहा ढेकळांपैकी एखादे असेच कोणा आईने आजारी मुलासाठी झऱ्यात सोडलेले नसेल, असे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण सांगू शकणारी माती मी धुऊन टाकली.

यावर विक्रेत्यांचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते पोकळ नाही. असली नाणी रोमन टांकसाळींनी अमाप पाडली. संग्रहालयांना ती सारी नको आहेत. नांगर आणि खते त्यांचा नाश करीतच असतात. खरे आहे. म्हणूनच प्रत्येक खरेदी पाप, असे मी म्हणत नाही. इंग्लंडात १९९६ चा निधीविषयक कायदा आहे, सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारी सार्वजनिक व्यवस्था आहे. जिथे शोधणारा स्थळ सांगतो, जमीनमालकाची संमती असते, आणि अभ्यासकाने पाहून झाल्यावर नाणे परत मिळते, तिथे ते नाणे माझ्या अर्थाने 'दत्त' आहे. जिथे ते अशक्य असते, तिथे निदान जुना दाखला मागता येतो. युनेस्कोच्या पुरावस्तूविषयक कराराचे १९७० हे साल आता अनेकजण सीमारेषा म्हणून धरतात. विक्रेत्याला 'हे कुठून आले?' असे विचारावयास मला प्रारंभी संकोच वाटे, जणू मी त्याच्या सचोटीवर शंका घेतो आहे. आता वाटत नाही. ज्या दुकानात या प्रश्नाचे उत्तर खांदे उडवून मिळते, तिथून मी उठतो.

पुढच्या वर्षी मी एकच नाणे घेतले, आणि त्याला त्या दहांच्या एकत्रित किमतीच्या तिप्पट पैसे मोजले. सम्राट अँटोनायनस पायस याची पत्नी फाउस्टिना वारल्यावर सिनेटने तिला देवपद दिले, रोमच्या फोरममध्ये तिचे मंदिर उभारले गेले (ते आज एका चर्चच्या रूपाने उभे आहे), आणि तिच्या नावाची चांदीची नाणी वर्षानुवर्षे पडत राहिली. तीन ग्रॅमहून थोडे अधिक वजन, केसांचा उंच बांधलेला अंबाडा, आणि मागे 'इटर्निटास', म्हणजे शाश्वती, अशी अक्षरे. नाण्याबरोबर पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्याची एक चिठ्ठी होती; तिच्यावर जुन्या वळणाच्या अक्षरात एका आधीच्या मालकाने ते केव्हा व कोणाच्या संग्रहातून घेतले ते लिहिले होते. त्या चिठ्ठीखाली मी माझी एक ओळ लिहिली.

वाडग्यातली उरलेली सहा ढेकळे मी, बेसिनपाशी हात थांबला त्याच दिवशी, पाण्याबाहेर काढून सावलीत वाळवली. खरडलेली माती जितकी हाती लागली तितकी एका बाटलीत भरली आणि विकणाऱ्याचे शब्द, जसेच्या तसे, एका कागदावर उतरवले. ती खणात शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. त्यांच्या पोटात कोणाचे मुख आहे ते पाहावे, अशी इच्छा कधी कधी रात्री इतकी प्रबळ होते की मी खण उघडतो, एखादे ढेकूळ हातात घेऊन त्याचे वजन जोखतो, आणि माती सांडू नये म्हणून कागदावर धरूनच ते परत ठेवतो.