आधी कारखाना, मग इजाजत

उर्दू शाळेच्या वर्गात दिवसातून पन्नास वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे इजाजत. पाणी प्यायला जायचे तरी मूल हात वर करते. समजा, एखादे मूल न विचारताच गेले, मैदानावर मनसोक्त खेळून आले आणि मग दारात उभे राहून म्हणाले, "सर, जाऊ का?" तर सारा वर्ग हसेल. का हसायचे, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. इजाजतीत नकाराची शक्यता गृहीत असते. 'नाही' म्हणायची वेळच निघून गेली, तर 'हो'लाही अर्थ राहत नाही.

मोठ्या कारखान्यांच्या बाबतीत मात्र हाच प्रकार आपल्या देशात पुन्हा पुन्हा घडला आणि कोणी हसले नाही.

कायदा तसा स्पष्ट आहे. १९७४ च्या पाणी कायद्याने आणि १९८१ च्या हवा कायद्याने कारखाना उभारण्याआधी व चालवण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. प्रकल्प मोठा असेल तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे 'पूर्व' पर्यावरण मंजुरीही लागते. त्यासाठी अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत द्यायचा, तीस दिवसांची सूचना द्यायची, जनसुनावणी घ्यायची. (या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. चारच माणसे आली तरी ती सुरू होऊ शकते. आमच्या पालकसभेचे नियम याहून कडक असतात!) तरीही त्या चार माणसांना तिथे एक किंमत असते. जमीन अजून मोकळी असते, ओढ्याचे पाणी अजून बिघडलेले नसते. त्यांचे म्हणणे कोणी ऐकले तर काही बदलू शकते. त्या 'पूर्व' शब्दाचे सारे मोल एवढेच आहे.

गुजरातमधील अंकलेश्वरच्या तीन रासायनिक कारखान्यांनी १९९४ च्या नियमाखालची मंजुरी न घेताच काम चालवले. मे २००२ च्या एका परिपत्रकाने अशांना मागाहून मंजुरी घेण्याची वाट करून दिली. हरित लवादाने २०१६ मध्ये ती मंजुरी रद्द करून कारखाने बंद करायला सांगितले. १ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कृतीनंतरची मंजुरी पर्यावरण कायद्यात बसत नाही. पण कारखाने बंद केले नाहीत. प्रत्येकाला दहा कोटी रुपये भरायला सांगितले.

मार्च २०१७ च्या अधिसूचनेने आणि जुलै २०२१ च्या कार्यालयीन आदेशाने तोच दरवाजा पुन्हा उघडला होता. मुंबईच्या 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्यायालयाने तो बंद केला; १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने सुनावणीला घ्यायचे ठरले. बहुमताने सांगितलेले कारण झटकून टाकण्यासारखे नाही. ओडिशातील एम्सचे रुग्णालय, कर्नाटकातील विमानतळ, सुमारे वीस हजार कोटींची सार्वजनिक कामे. उभी भिंत पाडून कोणाचे भले होणार? शिवाय कारखान्याला कुलूप लागले की मालकाच्या आधी कामगाराची चूल विझते, आणि त्या कामगारांत आपलीही पोरे आहेत. हे न बघता नैतिकतेच्या गप्पा मारणे सोपे आहे.

म्हणून पाडाच, असा माझा हट्ट नाही. माझी तक्रार नावाबद्दल आहे. उभे राहिलेले राहू द्यायचे असेल तर राहू द्या, पण त्याला मंजुरी म्हणू नका. गुन्हा आणि त्याची सजा म्हणा. सजेत गुन्हा झाला हे कबूल असते. मागाहून दिलेल्या मंजुरीत तो कागदावरून पुसला जातो, आणि ज्याने रीतसर अर्ज करून दोन वर्षे वाट पाहिली तो कारखानदार मूर्ख ठरतो.

माफीचा प्रश्न याहून अवघड आहे. हक्कुल-इबाद म्हणजे काय हे आपल्या घरात मुलाला लवकर शिकवले जाते. माणसाचा हक्क मारला असेल तर तो ज्याचा मारला त्याने माफ केल्याशिवाय सुटका नाही. कितीही नमाजा पढा. मग ज्याच्या विहिरीचे पाणी लाल झाले, ज्या कोळ्याच्या जाळ्यात मेलेली मासळी आली, त्याच्या वतीने माफ करणारे मंत्रालय कोण? दिल्लीतल्या अधिकाऱ्याची ती विहीर नाही. दंड सरकारच्या खात्यात गेला, तर विहीरवाल्याचे देणे तसेच राहते.

अंकलेश्वरच्या निकालात या बाबतीत एक गोष्ट बरी झाली. ते दहा-दहा कोटी ज्या औद्योगिक परिसरात हे कारखाने आहेत, तिथल्याच हवापाण्याच्या दुरुस्तीवर खर्च करावेत, असे न्यायालयाने सांगितले. ते कसे खर्च करावेत हे तिथल्या विहीरवाल्यांना विचारावे, असे मात्र त्यात नव्हते.