आकाशाचे गायरान

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस. त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जळगावपासून नागपूरपर्यंत ठिकठिकाणच्या लोकांनी आकाशातून जळत जाणारे प्रकाशाचे गोळे पाहिले. कुणाला ती उल्का वाटली, कुणाला विमान कोसळल्याची शंका आली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे येऊन पडले. त्याचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरले. जवळच्या पवनपार परिसरात धातूचा एक गोळाही सापडला. इस्रोच्या तज्ज्ञांनी येऊन पाहणी केली. कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या अभ्यासकांच्या मते हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे असावेत.

सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. चार दिवस वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि विषय मागे पडला. तो इतक्या सहज मागे पडू नये असे आम्हांला वाटते. वापरून झालेली वस्तू नजरेआड गेली म्हणजे तिची जबाबदारी संपते काय, हा जुना नैतिक प्रश्न त्या कड्याने आपल्या दारात आणून टाकला आहे. ‘दृष्टीआड सृष्टी’ असे आपण सहज बोलून जातो. त्या म्हणीच्या आड आपण काय काय लपवतो, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

१९५७ साली रशियाने पहिला ‘स्पुटनिक’ सोडला, तेव्हापासून माणूस आकाशात वस्तू पाठवीत आहे. उपग्रहाचे आयुष्य संपते, त्याला नेणाऱ्या अग्निबाणाचा शेवटचा टप्पा रिकामा होतो, टाकीत उरलेल्या इंधनाचा कधी स्फोट होतो, आणि हे सारे पृथ्वीभोवती फिरत राहते. युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार एक सेंटिमीटरहून मोठे असे सुमारे १२ लाख तुकडे आज कक्षेत आहेत. खालच्या कक्षांत त्यांचा वेग सेकंदाला सात ते आठ किलोमीटर असतो. लाडबोरीपासून आमच्या नरडाण्यापर्यंतचे सुमारे पाचशे किलोमीटरांचे अंतर असा तुकडा मिनिटभरात कापतो. त्या वेगाने आलेला हरभऱ्याएवढा कणदेखील उपग्रह निकामी करू शकतो.

१९७८ मध्ये डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले या दोन शास्त्रज्ञांनी इशारा दिला होता की गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली तर टक्करीतून तुकडे, तुकड्यांतून पुन्हा टकरी, असे चक्र आपोआप चालू राहील. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा एक चालू उपग्रह आणि रशियाचा एक मृत उपग्रह एकमेकांवर आदळले. हजारो तुकडे झाले. त्यांतले कित्येक आजही फिरत आहेत.

नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातले गाव. सुरत–भुसावळ लोहमार्ग येथून जातो, मुंबई–आग्रा महामार्ग जातो, औद्योगिक वसाहतही उभी राहिली आहे. पाऊस, कापसाचा भाव आणि मुलांची नोकरी या चिंतांत असलेल्या येथील माणसाने अवकाशातल्या कचऱ्याचा विचार कशासाठी करावा, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु पावसाचा अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून बांधला जातो, महामार्गावरच्या मालमोटारीचा ठावठिकाणा उपग्रह सांगतो, घरातल्या दूरचित्रवाणीवरची चित्रे उपग्रहामार्फत येतात. लाभ घेताना आपण दूरचे नसतो; जबाबदारीच्या वेळीच तेवढे आकाश दूरचे वाटू लागते.

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला उजेड देणारी एक जुनी व्यवस्था आहे. पांझरा नदीवर कित्येक पिढ्यांपासून फड पद्धतीने पाणी वाटले जात असे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली शेतांचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाण्याची पाळी पाटकऱ्याने ठरवायची, पिकाची राखण जागल्याने करायची, आणि पाटातला गाळ सर्वांनी मिळून काढायचा. आपल्या शेताला पाणी मिळाले म्हणजे काम संपले, असे कुणाला म्हणता येत नसे. पाट साफ ठेवणे हा पाण्याच्या हक्काचाच भाग होता. आज ही पद्धत पुष्कळशी मोडकळीस आली आहे. तिच्यामागचा विचार मात्र शिळा झालेला नाही.

ही व्यवस्था टिकली, कारण वरच्या शिवारातल्या माणसाला खालच्या शिवारातल्या माणसाचा चेहरा ठाऊक होता. बाजारात गाठ पडे, लग्नकार्यात पंगत एक असे. पाट तुंबवणाऱ्याला लाज वाटण्याची सोय होती. आकाशात ती सोय नाही. आठशे किलोमीटर उंचीवर सोडून दिलेला तुकडा शतकानुशतके फिरत राहू शकतो; ज्याला त्याची बाधा होईल तो कदाचित अजून जन्मालाही आलेला नाही. चेहरा दिसत नाही अशा माणसाचे आपण काही देणे लागतो काय, हा या विषयाचा गाभा आहे. आम्हांला वाटते, लागतो. ज्याचे नुकसान होणार तो समोर उभा नाही, एवढ्याने नुकसान लहान होत नाही. उलट जो तक्रार करायला येऊ शकत नाही, त्याच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी, असेच आपली विवेकबुद्धी सांगते. मुक्या जनावराच्या आणि तान्ह्या मुलाच्या बाबतीत आपण हे मानतोच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आकाश प्रथम श्रीमंत राष्ट्रांनी भरले. आज कक्षेत दहा हजारांहून अधिक चालू उपग्रह आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या एका अमेरिकन कंपनीचे आहेत. मग उशिरा आलेल्या भारतासारख्या देशाने खर्चिक शिस्तीचे ओझे का उचलावे? गायरान आधी पाटलाच्या गुरांनी चरून टाकावे आणि मग गरिबाच्या एका गायीला नियम सांगावेत, असा हा प्रकार नव्हे काय?

आक्षेपातला न्याय आम्ही मान्य करतो. ज्याने अधिक पसारा घातला त्याने साफसफाईचा अधिक खर्च सोसावा, हे उघड आहे. पण दुसऱ्याने आधी केले म्हणून आपले करणे निर्दोष ठरत नाही. आपल्याही नावावर काही जमा आहे. २००१ साली पीएसएलव्ही-सी३ च्या वरच्या टप्प्याचा कक्षेत स्फोट होऊन साडेतीनशेहून अधिक तुकडे झाले. २७ मार्च २०१९ रोजी भारताने क्षेपणास्त्राने आपलाच उपग्रह फोडून दाखवला. उंची सुमारे तीनशे किलोमीटर ठेवल्यामुळे बहुतेक तुकडे लवकर जळाले, तरी काही वर फेकले जाऊन रेंगाळले. चीनने २००७ मध्ये आणि रशियाने २०२१ मध्ये याहून अधिक उंचीवर असेच प्रयोग करून कितीतरी मोठा पसारा केला, हे खरे. तुलनेने मात्र हिशेब कमी होतो, फिटत नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठे नळकांडे वाहून आले, तेही पीएसएलव्हीच्याच एका टप्प्याचे निघाले. लाडबोरीत आपण ज्यांच्या अंगणात कचरा पडला ते होतो, तेथे ज्यांचा कचरा पडला ते. आकाशाच्या पाटाला वरचे शिवार आणि खालचे शिवार नाही. प्रत्येकजण दोन्हीकडे उभा आहे.

कायदा काय म्हणतो? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर ती सोडणारे राष्ट्र दोष सिद्ध न होताही भरपाईस बांधील असते. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला रशियाचा ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने भरपाई मागितली आणि १९८१ साली रशियाने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. मात्र नुकसान अवकाशातच झाले, तर दोष सिद्ध करावा लागतो. आणि बोटाएवढा तुकडा कुणाचा, हे सिद्ध कोण करणार? कायदा नुकसान झाल्यावर जागा होतो. विवेकाने त्याआधी जागे व्हायचे असते.

तसा जागेपणा दाखवणारी उदाहरणेही आहेत, आणि ती सांगताना आम्हांला समाधान वाटते. २०११ मध्ये भारत व फ्रान्स यांनी मिळून सोडलेला ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा उपग्रह आपले काम संपवून शंभराहून अधिक वर्षे कक्षेत राहिला असता. त्याला नियंत्रितपणे खाली आणण्याची योजना मुळात नव्हती. तरीही शिल्लक इंधन वापरून इस्रोने ७ मार्च २०२३ रोजी त्याला प्रशांत महासागरावर वातावरणात उतरवले. १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणानंतर पीएसएलव्हीचा शेवटचा टप्पा ६५० किलोमीटरवरून ३५० किलोमीटरवर आणला, उरलेले इंधन काढून टाकले, त्याच टप्प्यावर प्रयोगही केले, आणि २१ मार्च रोजी तो वातावरणात शिरून संपला. २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा, सरकारी असोत वा खाजगी, कचरा मागे न ठेवणाऱ्या असाव्यात, असे उद्दिष्ट इस्रोने जाहीर केले आहे.

या संकल्पाची किंमत असते. परतीसाठी राखलेले इंधन म्हणजे उपग्रहाच्या कामाचे तेवढे दिवस कमी. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला हा तोटा वाटेल, आणि प्रतिष्ठेसाठी धावणाऱ्या राष्ट्रालाही. परंतु आपल्याकडे साधा गृहस्थसुद्धा लग्नाचा मांडव घालताना तो उतरवण्याची मजुरी आधीच धरतो. मांडव तसाच रस्त्यावर सोडून जाणाऱ्याला आपण काटकसरी म्हणत नाही. अवकाशमोहिमेच्या अंदाजपत्रकात परतीचा खर्च पहिल्याच पानावर असावा आणि त्याशिवाय उड्डाणाला परवानगी नसावी, एवढी साधी अपेक्षा नागरिक म्हणून आपण ठेवू शकतो. एखादे यान झेपावले की आपण टाळ्या वाजवतो, ते वाजवावेतच. त्याबरोबर हे काम संपल्यावर त्याचे काय होणार, एवढे विचारण्याची सवयही लावून घेऊ. शाळेतल्या एखाद्या मुलाने हा प्रश्न गुरुजींना विचारला, तर तो विज्ञानाइतकाच नीतीचाही धडा ठरेल.