सिनेमातला आरोपी कोण?

शुक्रवारी संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये, ठाण्याला थोडी गर्दी उतरली की ग्रुपमधलं कुणीतरी विचारतंच, "रविवारी घरच्यांबरोबर बघण्यासारखा एखादा मराठी सिनेमा सुचवा ना." कळव्यापर्यंत पाच नावं आलेली असतात. 'पोरांना श्यामची आई दाखवा, मोबाइल सुटेल हातातला.' 'मिसेसला बाईपण भारी देवा दाखवा, खूश होईल.' सल्ले प्रेमाचेच असतात. पण घरातलं सुधारायचं किंवा समजूत काढायचं माणूस प्रत्येकाने आधीच मुक्रर केलेलं असतं, आणि ते माणूस कधीही आपण स्वतः नसतो.

'श्यामची आई'चंच बघा. कल्याणच्या रंगमंदिराला ज्यांचं नाव आहे त्या आचार्य अत्र्यांनी १९५३ साली हा चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. त्यानंतरच्या सगळ्या पिढ्यांना आईबापांनी तो औषधासारखा पाजला. पाय घाण होऊ नयेत म्हणून जपतोस तसं मनालाही जप, ही त्यातली शिकवण घरोघर पाठ आहे. पण साने गुरुजींच्या मूळ गोष्टीत त्याआधी काय घडतं? आंघोळ झालेला श्याम हट्ट धरतो, की तळव्यांना माती लागेल, तू ओचे धोंड्यावर पसर. आणि ती माउली आपलं लुगडं खरोखर पसरते, ओलं होऊ देते. बोलते ती त्यानंतर. आपण मात्र लुगड्याचा भाग गाळून थेट बोलण्यापाशी येतो, तेही बहुधा सिनेमा मध्येच थांबवून : "बघितलंस? शिक काहीतरी." तेरा वर्षांच्या मुलाने त्या क्षणी मोबाइल काढला तर दोष त्याला कसा द्यायचा?

म्हणून मला वाटतं, सिनेमा निवडणाऱ्याने स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करील असाच सिनेमा निवडावा. आईवडिलांची पाळी असेल तर 'किल्ला' लावावा. वडील गेलेले, आईची कोकणात बदली झालेली, आणि अकरा वर्षांच्या चिन्मयला न विचारता त्याचं अख्खं जग हललेलं. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली या चित्रपटाला क्रिस्टल बेअर देणारे परीक्षक मुलंच होती, हे मला फार बोलकं वाटतं. दादरची चाळ सोडून डोंबिवलीत, मग डोंबिवली सोडून घोडबंदर रोडला गेलेल्या किती घरांनी मुलांना विचारलं होतं? सिनेमा संपल्यावर तो विषय निघाला तर "तुझ्या भल्यासाठीच केलं" हे वाक्य तेवढं एक दिवस गिळावं.

'अस्तु'च्या बाबतीत तर आपली चलाखी जास्तच उघडी पडते. तो आपण म्हाताऱ्या माणसांना दाखवायला निघतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक मोहन आगाशे यांनी रंगवले आहेत. लेक गाडीतून उतरून जरा कामाला जाते, तेवढ्यात ते एका हत्तीच्या मागे निघून जातात. पुढे त्यांना लेकरासारखं सांभाळते माहुताची बायको, जिला त्यांची विद्वत्ता, पेन्शन, नाव यातलं काहीच ठाऊक नाही. हा सिनेमा आजोबांचा नाहीच. 'जरा पाच मिनिटं थांबा हं' म्हणून दार ओढून घेणाऱ्या आपल्यासारख्यांचा आहे. आजोबा शेजारी बसलेले असताना तो पाहणं जड जातं. जावंच.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आठवडाभर दारात लोंबकळत प्रवास केलेल्या माणसाने रविवारीही स्वतःची उलटतपासणी का करून घ्यावी? नसेल घ्यायची तर १९८८ची 'अशी ही बनवाबनवी' लावावी, संवाद सिनेमाच्या आधी आपण म्हणावेत आणि पोट दुखेपर्यंत हसावं. एकत्र हसण्याला आणखी कुठलं कारण लागत नाही. फक्त त्या दिवशी एकाने गॅसपाशी उभं राहून भजी तळायची आणि बाकीच्यांनी आतून ओरडायचं, "अगं, ये ना, मजेशीर सीन आलाय," असं नको. भजी आधी किंवा नंतर. नाहीतर वडापाव खालून आणावा.

वयाची काळजी असणाऱ्यांना २०२४च्या नियमांनी मदत केली आहे. यूए प्रमाणपत्रात आता सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढचे असे टप्पे आहेत. ते जरूर पाहावेत. पण सिनेमा घरातल्या कुणाच्या वर्मी लागेल, हे कुठल्याही प्रमाणपत्रावर छापता येत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जातीवरून हिणवल्या गेलेल्या जब्याने भिरकावलेला दगड थेट पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. नव्या शेजाऱ्याचं आडनाव ऐकून पुढचे प्रश्न ठरवणाऱ्या घरात तो दगड लहानांना नाही, मोठ्यांना लागतो.

आणि आपल्या डोंबिवलीच्या नावाचे सिनेमे? 'डोंबिवली फास्ट' (२००५) हा संतापाच्या भरात बॅट उचलणाऱ्या बँकेतल्या माधव आपटेचा. घरात पाऊल टाकताच ज्यांच्या आवाजाने सगळे गप्प होतात, त्यांनी तो स्वतःहून सुचवावा. मुलं जरा मोठी असतील आणि रक्ताला घाबरत नसतील तर 'झोंबिवली' (२०२२) आहेच. त्यात झोंबी आहेत, गंमत आहे, आणि टोलेजंग इमारतीला खेटून पाण्यासाठी झगडणारी वस्तीही आहे. बघून झाल्यावर मूल खिडकीशी जाऊन विचारील, समोरच्या वस्तीत पाणी किती वेळ येतं? घरकामाला येणाऱ्या मावशींना ते आधीच विचारून ठेवा.