कार्ड घेण्याआधीचा प्रश्न

“भाऊ, लिनक्सवर गेम खेळायचा हट्टच कशाला? विंडोज टाका, एनव्हीडिया घ्या, विषय संपला.” वडनेरच्या भाच्यासाठी ग्राफिक्स कार्ड बघायला नागपुरात गेलो, तेव्हा दुकानदार हे सहज बोलून गेला. ते काही डोक्यातून जाईना.

2018 साली व्हॉल्व्हनं प्रोटॉन आणलं आणि विंडोजचे बहुतेक गेम लिनक्सवर चालू लागले, हे आता नव्यानं सांगायला नको. व्हॅलोरंट चालत नाही, हेही पोरांना ठाऊक असतं. तिथं अडवणूक अँटी-चीटची असते, कार्डाचा दोष नसतो. मी कार्डांची वाटणी वेगळी करतो: ज्याचा ड्रायव्हर फक्त कंपनीच दुरुस्त करू शकते ते एक, आणि ज्याचा ड्रायव्हर बाहेरचा माणूसही दुरुस्त करू शकतो ते दुसरं.

एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आणि मेसा या खुल्या ग्राफिक्स संचातच असतो, सिस्टीमबरोबर येतो. एनव्हीडियाचा वेगळा टाकावा लागतो. कर्नल बदललं आणि त्याचं मॉड्यूल जुळलं नाही, तर लॉगिनच्या जागी काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शेकडो एमबी पुन्हा उतरवत बसा.

“तेवढ्याच पैशांत फ्रेम किती मिळतात ते बघा,” असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचा आलेख खोटा नसतो, पण तो कार्ड नवं असतानाचा असतो. गावाकडं कार्ड बहुधा सेकंडहँड येतं. 2016 चं जीटीएक्स 1060 घ्या. एनव्हीडियाची 580 ही त्याला आधार देणारी शेवटची ड्रायव्हर मालिका. त्यापुढं खुला नूव्हो ड्रायव्हर उरतो, पण कंपनीच्या सहीच्या फर्मवेअरशिवाय त्याला चिपचा वेग वाढवता येत नाही. कार्ड धडधाकट आणि तरी अडलेलं. या वाया जाण्याचा मला खरोखर राग येतो.

वर्धा जिल्ह्यात राहून इथं चरखा आठवणारच. 1929 साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं. वेगाखेरीज अटी अशा: किंमत दीडशे रुपयांच्या आत, यंत्र वीस वर्षं चालावं, वर्षाची देखभाल किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण वेगाबरोबरच वीस वर्षांचा आणि देखभालीचा हिशेब आधीच मागणारी ती अट मला आजही योग्य वाटते.

तर मग एएमडीच घ्यावं? इथवर माझं मत तेच होतं. पण एएमडीचंही फर्मवेअर बंदच आहे. तिच्या कार्डांवर लिनक्समध्ये गेम ज्याच्या जोरावर पळतात, तो आरएडीव्ही ड्रायव्हर 2016 मध्ये डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन या बाहेरच्यांनी सुरू केला. 2025 मध्ये कंपनीनं स्वतःचा खुला व्हल्कन ड्रायव्हर बंद करून त्यालाच पाठिंबा दिला. तिकडं एनव्हीडियानंही 2022 मध्ये 1060 नंतरच्या ट्युरिंग आणि पुढच्या चिपांसाठी कर्नल मॉड्यूल खुलं केलं, आणि मेसात एनव्हीके हा खुला ड्रायव्हर उभा राहिला. म्हणजे माझी रेघ दोन कंपन्यांच्या मधून जातच नाही. ती एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांमधून जाते.

भाच्याला आता एवढंच सांगितलंय: नुसते गेम खेळायचे तर आरएक्स 6600 घे. ब्लेंडरवरचं थ्रीडी कामही शिकायचं असेल तर ट्युरिंग किंवा पुढच्या चिपचं, म्हणजे आरटीएक्स मालिकेतलं एनव्हीडिया खुशाल घे. 1060 मात्र कुणी निम्म्या किमतीत दिलं तरी घेऊ नकोस.