घरगुती कारणासाठी

आमच्या घरातला आवाज घराबाहेर जात नाही, हे मी आल्यागेल्याला ऐकवतो. दिवे, पंखे, पाण्याची मोटर आणि उन्हाळा लागला की कूलर, सगळं तोंडी सांगण्यावर चालतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. जुन्या डेस्कटॉपवर ही उपकरणं चालवणारं होम असिस्टंट आहे, बोललेलं लिहून काढायला व्हिस्पर. आधी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर करून पाहिलं. तिथे हुकूम समजायलाच सात-आठ सेकंद जायचे, आणि छोट्या मॉडेलच्या मराठीबद्दल न बोललेलंच बरं.

हा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारलं की उत्तर तयार असतं. अमेरिकेतल्या काही इको स्पीकरांवर, बोलणं कंपनीकडे न पाठवण्याची सोय होती; ती अ‍ॅमेझॉनने २८ मार्च २०२५ पासून काढून टाकली. मुलांच्या आवाजाच्या नोंदी साठवल्याच्या प्रकरणात हीच कंपनी २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलर भरायला तयार झाली होती. मग मी सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालावर येतो. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगणाऱ्या नऊ न्यायमूर्तींत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, हे सांगताना माझी मान जरा ताठच होते, जणू निकालपत्राला हातभार माझाही लागला होता.

पण खासगीपणा कोणाचा? माइक स्वयंपाकघराच्या दाराशी होता. तिथे दिवसभर वावर आईचा आणि पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा. मी तर ऑफिसात असतो. माइक बसवताना दोघींपैकी एकीलाही मी विचारलं नाही. ‘कूलर आता बोलून लागतो’ एवढंच सांगितलं, आणि त्यांनी कौतुक केलं.

व्हिस्पर कुठे चुकतं ते कळावं म्हणून मी ध्वनिमुद्रण साठवायची सोय चालू केली होती. आई ‘मोटर बंद करजो’ म्हणते, मावशी ‘कूलर लावजो’ म्हणतात. यंत्राला मात्र पुस्तकी मराठीच उमगते. कारण रास्त होतं. पण गप्पांतला एखादा शब्द हाकेसारखा वाटला की यंत्र उगाच जागं होतं आणि पुढचे काही सेकंद टिपून घेतं. अशाच एका तुकड्यात कुकरच्या शिट्टीआडून मावशी फोनवर कोणाकडे तरी उसने पैसे मागत होत्या. पहिल्याच शब्दाला कळलं होतं की हा हुकूम नाही. तरी मी शेवटपर्यंत ऐकलं.

कंपनीतल्या कोण्या परक्या माणसाने ऐकलं असतं तर त्याला मावशी कोण हे ठाऊक नसतं. मला आहे. महिनाअखेरीस त्यांनी उचल मागितली, तेव्हा माझा चेहरा आधीच तयार होता.

कायद्याचं म्हणाल तर मी पूर्ण सुरक्षित. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागूच होत नाही. ही सूट योग्यच आहे. नाहीतर घरोघरी नोटिसा निघतील. फक्त तिच्यामुळे मला जाब विचारणारं माझ्याखेरीज कोणी उरत नाही, आणि मी स्वतःला फार सवलतीत सोडतो.

माइकच्या यंत्राला तो बंद करायची खरीखुरी कळ आहे. सरकवली की माइकची वीजच तुटते. ‘आवाज चांगला पकडतो’ म्हणून मी यंत्र फ्रिजवर ठेवलं होतं. आईचा हात तिथे पोहोचत नाही, हे तेव्हा दिसलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आता ते ओट्यावर आणलं, कळ दोघींना दाखवली, आणि काय काय साठत होतं तेही सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. मावशींनी पोळी उलटत विचारलं, ‘मंग इतले दिवस तुम्ही काय आयकलं जी?’

‘नुसते हुकूम,’ मी म्हणालो. त्या फोनचा तुकडा त्याच रात्री पुसला. बाकीचे ठेवलेत. ‘करजो’, ‘लावजो’ शिकवायला लागतात, हे कारण अजूनही रास्तच आहे.