लगामाचें उत्तर

सुखसोयींविरुद्ध तक्रार ऐकूं आली कीं शहाणा मनुष्य प्रथम हंसतो, आणि पुष्कळ वेळां तसें हंसणें योग्यहि असतें. पाट्यावर वाटलेल्या चटणीची सर मिक्सरमधल्या चटणीला नाहीं, असें सांगणाऱ्या गृहस्थानें स्वतः वरवंटा क्वचितच हातीं धरलेला असतो. आजच्या मोटारी चालविणारे कित्येक लोक ‘गाडी उत्तम आहे, पण तिच्यांत कांहींतरी उणें आहे,’ असें म्हणतात, तेव्हां त्यांचीहि गणना याच वर्गांत करण्याचा मोह होतो. गाडी पूर्वीपेक्षां शांत चालते, क्वचित् बिघडते, आणि अपघातांत आंतल्या माणसांना पुष्कळ अधिक जपते. मग उणें तें काय? विचारलें तर उत्तरें किरकोळ वाटतात. कोणी म्हणतो क्लच नाहीं, कोणी म्हणतो किल्ली फिरवावी लागत नाहीं. कोणाला इंजिनाचा आवाज हवा असतो, तर कोणाला न पाहतां चाचपून सांपडणारें बटण. या किरकोळ मागण्यांच्या मुळाशीं एक नैतिक प्रश्न आहे असें मला वाटतें, आणि त्याचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, मोटारीचा इतिहास हा चालकाच्या हातून एकेक काम काढून घेण्याचा इतिहास आहे, आणि त्यांतलीं बहुतेक कामें गेलीं हें बरेंच झालें. आरंभीं गाडीच्या तोंडाशीं उभें राहून हँडल मारल्यावांचून इंजिन सुरू होत नसे. तें हँडल उलट फिरलें तर मनगट मोडण्याची भीति असे. कॅडिलॅक कंपनीनें १९१२ च्या गाड्यांत इंजिन विजेनें सुरू करण्याची सोय केली, आणि ज्यांच्या दंडांत तेवढी ताकद नव्हती अशा असंख्य स्त्रीपुरुषांना मोटार चालविणें शक्य झालें. त्याच कंपनीनें १९२८ मध्यें दांते न खरखरतां गिअर पडण्याची युक्ति आणली. क्लच दाबावा न लागणारी गाडी ओल्ड्समोबीलनें १९४० च्या मालिकेंत विकावयास काढली. १९७८ मध्यें मर्सिडीझ आणि बॉश यांनीं निसरड्या रस्त्यावर चाक अडकूं न देणारा ब्रेक आणला. प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी हळहळलें असेलच. तरी त्या हळहळीसाठीं पुन्हां हँडल मारावयास कोणी तयार होणार नाहीं, आणि कोणी होऊंहि नये.

तथापि या कामांबरोबर आणखी कांहीं गेलें काय, हें पाहिलें पाहिजे. आपल्याकडीलच उदाहरण घेऊं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशकें वावरली, आणि वयोमर्यादेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून तिनें निरोप घेतला. स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा, थंडीच्या सकाळीं बाहेर ओढावयाचा चोक, अंगबळानें फिरवावें लागणारें जड स्टिअरिंग. सुखसोय म्हणून तिच्यांत सांगण्यासारखें फारसें नव्हतें. परंतु घाट चढतांना चालक हाफ क्लचवर गाडी धरून ठेवी, तेव्हां इंजिन किती दमलें आहे हें त्याच्या कानाला कळे, क्लचची पकड केव्हां बसते हें तळपायाला कळे, आणि रस्ता निसरडा झाला हें स्टिअरिंग एकाएकीं हलकें लागल्यावरून तळहाताला कळे. विचारलें तर ‘सवय’ एवढेंच तो सांगेल. पण सवयीनें अंगीं मुरलेलें ज्ञान हेंहि ज्ञानच होय. फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँती यानें आपल्या १९४५ च्या ग्रंथांत मोटारचालकाचेंच उदाहरण दिलें आहे. सराईत चालक अरुंद वाटेंतून गाडी नेतांना वाटेची आणि गाडीची रुंदी यांची तुलना करीत बसत नाहीं. गाडीच्या कडा जणूं त्याच्या अंगाच्याच कडा झालेल्या असतात. आंधळ्याच्या हातांतली काठी ही जशी त्याची लांबलेली बोटें होते, तसेंच हें आहे.

कठोपनिषदांतील रथाचें रूपक वाचकांच्या परिचयाचें आहे. शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धि सारथी, इंद्रियें हे घोडे आणि मन हा लगाम. या रूपकांतील लगामाकडे आपण सहसा आज्ञा पोंचविणारी दोरी म्हणूनच पाहतों. परंतु ज्यानें टांगा हांकला आहे त्याला विचारावें. लगाम दोन्हीकडे बोलतो. सारथ्याची इच्छा तो घोड्याला सांगतो. आणि घोडा बुजला, थकला, त्याचा पाय घसरला, ही बातमी तो सारथ्याच्या बोटांना देतो. जुन्या गाडीचें स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेक हे अशा प्रकारचे लगाम होते. आजच्या गाडींत आज्ञा जाते, पण बातमी येत नाहीं, किंवा येते ती गाळून येते. स्टिअरिंगला विजेची मोटर साहाय्य करते आणि रस्त्याचीं बारीकसारीक स्पंदनें वाटेंतच जिरून जातात. पूर्वीं पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर एक तार ओढी व ती तार इंजिनांत जाणाऱ्या हवेची वाट उघडी. आतां पाय केवळ आपली इच्छा कळवितो आणि वाट किती उघडावयाची हें संगणक ठरवितो. चालकाला जें उणें वाटतें तें हेंच, म्हणजे त्याच्या कृतीला मिळणारें उत्तर.

हा केवळ भावनेचा खेळ नव्हे, हें स्वीडनमधील ‘वी बीलेगरे’ या मोटारविषयक मासिकानें २०२२ मध्यें घेतलेल्या एका साध्या चाचणीवरून दिसून आलें. ताशीं ११० किलोमीटर वेगानें गाडी चालवीत असतां रेडिओ लावणें, आंतली उष्णता वाढविणें यांसारखीं कांहीं ठराविक कामें चालकांना करावयास सांगितलीं होतीं. बटणांच्या एका २००५ सालच्या व्होल्व्हो गाडींत या सर्वांना १० सेकंद लागले आणि तेवढ्या वेळांत गाडी ३०६ मीटर गेली. टचस्क्रीनच्या नव्या गाड्यांपैकीं सर्वांत मंद ठरलेल्या गाडींत ४४.६ सेकंद लागले आणि १३७२ मीटर रस्ता मागें पडला. बटण बोटाला ‘मी येथें आहें, मी दाबलें गेलों’ असें सांगतें. गुळगुळीत कांच कांहींच सांगत नाहीं. बोटाला उत्तर मिळेना म्हणजे डोळ्यांना रस्ता सोडून चौकशीला यावें लागतें. गाड्यांच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेनेंहि २०२६ पासून आपल्या गुणदानांत मुख्य कामांसाठीं खऱ्याखुऱ्या बटणांना व दांड्यांना महत्त्व दिलें आहे.

कारखानदारांनाहि ही उणीव कळली आहे. पण तिच्यावर त्यांनीं काढलेला एक उपाय विचार करण्याजोगा आहे. बीएमडब्ल्यू कंपनीनें २०११ च्या एम५ गाडींत इंजिनाचा आवाज ध्वनिवर्धकांतून आंत ऐकविण्याची व्यवस्था केली. ह्युंदाईची आयोनिक ५ एन ही २०२३ मधील गाडी तर विजेवर चालते. तिला बदलावयाचे गिअर नाहींतच. तरी चालकाची इच्छा असल्यास ती गिअर बदलल्याचा हिसका देते आणि पेट्रोलच्या इंजिनासारखी गुरगुरते. करमणूक म्हणून यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु उणीव केवळ संवेदनेची असती तर या नकलेनें ती पुरी व्हावयास हवी होती. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यानें १९७४ मध्यें एका कल्पित यंत्राचा दाखला दिला होता. त्या यंत्राशीं जोडून घेतलें कीं हवा तो अनुभव येतो; मात्र प्रत्यक्षांत कांहीं घडत नाहीं. तें यंत्र आपण पत्करणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. कारण केल्याचा भास आपणांस पुरत नाहीं, प्रत्यक्ष करावयाचें असतें. घाटांत चुकीचा गिअर टाकला तर पद्मिनी धापा टाकीत बंद पडे. तिची ती तक्रार खरी होती, म्हणून तिच्यापासून मिळणारा धडाहि खरा होता. नकली हिसक्याच्या पाठीशीं सांगण्यासारखी वस्तुस्थितीच नसते.

येथें एक गंभीर आक्षेप येतो. भारतांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यावरील अपघातांत सुमारें १ लाख ६८ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. अशा देशांत चालकाच्या तळहातांचे लाड कसले पुरवावयाचे? चालक चुकला असतां गाडीनें आपण होऊन ब्रेक लावला आणि रस्त्यावरचें पोर वाचलें, तर त्या चालकाच्या आनंदाचा जो भंग झाला त्याची किंमत शून्य होय. हा आक्षेप मी पूर्णपणें स्वीकारतों. कौशल्याचा आनंद दुसऱ्याच्या जिवावर भोगावयाचा नसतो. आणि ‘खरें चालविणें’ म्हणजे बेफाम चालविणें असें ज्यांना वाटतें त्यांची वकिली मला करावयाची नाहीं. परंतु आक्षेप स्वीकारल्यानें प्रश्न मिटत नाहीं, तो अधिक बिकट होतो. जोंवर यंत्र सर्व भार उचलीत नाहीं, तोंवर चुकीचा जाब कोणी द्यावयाचा?

लिझान बेनब्रिज या विदुषीनें १९८३ मध्यें स्वयंचलनांतील विसंगतींवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. सोपीं कामें यंत्राकडे गेलीं कीं माणसाकडे उरतें तें कठीण प्रसंगीं धांवून येण्याचें काम. आणि त्या कामाला लागणारा सराव तर रोजच्या सोप्या कामांतूनच व्हावयाचा असतो. अमेरिकेंत अ‍ॅरिझोना राज्यांतील टेंपी येथें १८ मार्च २०१८ च्या रात्रीं याचें दारुण प्रत्यंतर आलें. उबर कंपनीची स्वयंचलित गाडी चाचणीसाठीं फिरत असतां रस्ता ओलांडणारी एक स्त्री तिच्या धडकेनें मरण पावली. समोर कांहींतरी आहे हें गाडीच्या यंत्रणेला धडकेपूर्वीं ५.६ सेकंद उमगलें होतें. पण तें काय आहे याविषयींचा तिचा निर्णय सारखा बदलत राहिला. देखरेखीसाठीं बसविलेल्या चालक स्त्रीचें लक्ष मोबाइलकडे होतें. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाहीं. त्या चालक स्त्रीनें २०२३ मध्यें गुन्हा कबूल केला व तिला ३ वर्षें देखरेखीखालीं राहण्याची शिक्षा झाली. तिचा हलगर्जीपणा क्षम्य होता असें कोणी म्हणणार नाहीं. तरी ज्या हातांना करण्यासारखें किंवा जाणण्यासारखें कांहींच ठेवलें नव्हतें, त्याच हातांकडे अखेर जाब मागितला गेला, हें विसरतां येत नाहीं.

जबाबदारी आणि उत्तरदायित्व हे आपले दोन्ही शब्द बोलण्यावरून आले आहेत. एकांत जबाब आहे, दुसऱ्यांत उत्तर. ज्याला आपल्या कृतीचें उत्तर मिळत असतें त्यालाच तिच्याबद्दल उत्तर देतां येतें. म्हणून चालकाची ती अस्पष्ट तक्रार मला लहरीपणाची वाटत नाहीं. आपणांवर जबाबदारी ठेवून तिचीं साधनें मात्र काढून घेतलीं जात आहेत, हें त्याच्या तळहाताला बुद्धीच्या आधीं समजलें आहे. हीच गोष्ट आतां गाडीपुरती राहिलेली नाहीं. विद्यार्थ्याचा निबंध संगणक लिहून देऊं लागला आहे. शब्द कोठें अडला, युक्तिवाद कोठें फसला, ही बातमी त्या विद्यार्थ्याच्या मनापर्यंत पोंचतच नाहीं, आणि निबंधाखालीं नांव मात्र त्याचें असतें. श्रम हलके करणारें यंत्र खुशाल घरांत यावें. आपल्या चुकीची बातमी आपणांस कळूं न देणारें यंत्र आलें, तर मात्र त्याला दारांतच थांबवून विचारावें कीं, उद्यां जाब कोण देणार, तूं कीं मी?