मावशीचा मोबाईल कोणी मोजला?

गोव्यात आमोण्याला माझ्या मावशीच्या घरी आजही रोज मराठी पेपर येतो. पूर्वी काका तो ओसरीवर बसून मोठ्याने वाचत. निधनवार्ता आल्या की स्वयंपाकघरातूनही सगळे बाहेर येत, कारण डिचोलीपासून पेडण्यापर्यंत नातेगोते पसरलेले. आता काका नाहीत. मावशी सत्तरीला टेकलेली. पेपर बहुतेक वेळा घडी न मोडता पडून राहतो आणि निधनवार्ता भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून कळते. फोटोतली बारीक अक्षरे तिला लागत नाहीत. "वाचपाक दिसना रे, आयकतां," म्हणते आणि भाच्याकडून आवाजी निरोप मागवते.

मोबाईल कोणाकडे आहे याचे आकडे पाहिले तर गोव्याने अभिमान बाळगावा अशी स्थिती आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या सुमारे 91 टक्के स्त्रियांनी स्वतः वापरायचा मोबाईल असल्याचे सांगितले. देशाची सरासरी 54 टक्के, महाराष्ट्रही तेवढ्यातच. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया गोव्यात सुमारे 74 टक्के, महाराष्ट्रात 38. हे लहान यश नाही. पण या सर्वेक्षणातल्या स्त्रिया 15 ते 49 वयाच्या. मावशी त्यात बसत नाही. दूरसंचार नियामकाच्या ग्राहकसंख्येतही ती वेगळी दिसत नाही, कारण तिथे गोव्याला स्वतंत्र रकानाच नाही. मुंबई वगळून गडचिरोलीपासून काणकोणपर्यंतची बेरीज महाराष्ट्र परिमंडळ या एकाच नावाखाली होते.

मला या त्रुटीचे वाईट वाटते ते भाषेमुळे. 2011च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे 66 टक्के लोकांनी कोकणी मातृभाषा सांगितली, मराठी सुमारे 11 टक्क्यांनी. डिचोली-पेडण्यातले मराठी वाचन या अकरा टक्क्यांत मावत नाही. घरात कोकणी बोलणारी माणसे इथे पेपर मराठी वाचतात, भजन मराठी गातात, जत्रेतले नाटक मराठी बसवतात. 1963मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्याच्या आदल्या वर्षी 'गोमन्तक' हा मराठी पेपर सुरू झाला होता. मावशीला अक्षरओळख झाली ती अशाच एका शाळेत. तिची मराठी बोलण्यातून आली नाही, वाचण्यातून आली.

म्हणूनच मोबाईलमुळे इथे घडते आहे ते पुण्या-नाशिकपेक्षा वेगळे आहे. तिथे वाचन कमी झाले तरी मराठी ओठांवर राहते. आमोण्यात वाचन आटले की मराठीचा आधारच जातो. आवाजी निरोप सोपा, म्हणून मावशी कोकणीत बोलते, कोकणीत ऐकते. याचा मला आनंदच आहे. जी भाषा तिला कधी लिहावी लागली नाही, ती मोबाईलवर मोकळी झाली. पण मोबाईलच्या पडद्यावरची बटणे इंग्रजीत, नातवाच्या रिल हिंदीत, आणि त्याचा कोकणी मजकूरही रोमन अक्षरांत. मराठीला उरली सकाळी येणारी देवाच्या चित्राखालची दोन ओळींची शुभेच्छा.

एवढ्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. 2018ची गोष्ट सांगतो. 7 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. मांडवीकाठच्या आमोण्यात बार्ज आणि खनिज यांच्याशी संबंध नसलेले घर सापडणे कठीण. त्या दिवसांत मावशीच्या मोबाईलवर एका ओळीचे निरोप येत: पुढच्या आठवड्यात खाणी सुरू. तो आठवडा यायचा आणि जायचा, नवा निरोप यायचा. पट्टा म्हणजे काय, नूतनीकरण का रद्द झाले, लिलाव झाला तर काय होईल, हे समजायला पाऊण पान मजकूर लागतो. तो पेपरात येत होता. काका असते तर त्यांनी वाचून दाखवला असता, ओसरीवर वाद झाला असता, शेजारचा बार्जवाला मध्ये बोलला असता.

मोबाईल काढून घ्या असे मी म्हणणार नाही. आखातात आणि बोटीवर असलेल्या आमच्या मुलांना गावातले दशावतारी नाटक रात्री मोबाईलवर दिसते, आणि ते पाहून त्यांनी केलेला फोन मावशीला किती मोलाचा वाटतो हे मी जवळून पाहिले आहे. मी हळहळतो ते मोठ्याने वाचण्यासाठी. सर्वेक्षण करणारे दारात आले तर त्यांनी मोबाईल आहे का एवढेच विचारून परतू नये. त्यात ऐकता कुठल्या भाषेत, वाचता कुठल्या भाषेत, आणि न दिसणाऱ्याला वाचून कोण दाखवतो, हेही विचारावे. पन्नाशीपुढच्यांना तर आधी विचारावे.

गेल्या महिन्यापासून माझी भाची रविवारच्या पुरवणीतला एक लेख वाचून, आवाज भरून, मावशीला पाठवते. पहिला लेख सतरा मिनिटांचा झाला. मावशीने तो दोनदा ऐकला आणि संध्याकाळी शेजारणीला बोलावून तिसऱ्यांदा लावला.